सावलीचं सूत

माझ्या आईचं नाव ग्रुबाचा. आमच्या बोलीत त्याचा अर्थ ओबडधोबड, खडबडीत. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली, म्हणून आजीने मुद्दाम असं नाव ठेवलं. मरण दाराशी आलं तरी नाव ऐकून नाक मुरडून पुढे जावं, एवढाच हेतू. मरणाने मुरडलं की नाही ते देव जाणे, बाकी सगळ्या गावाने मात्र मुरडलं. आई दिसायलाही नावाला जागणारी. रुंद हाडं, चुन्याने खाल्लेले हात, आणि भट्टीच्या धगीने भुवया साफ झडलेल्या. तिला एके काळी भुवया होत्या हे मला वडिलांकडून कळलं, आणि वडील थापा मारायचे.

वडील गेल्यावर चुन्याची भट्टी तिने चालवायला घेतली. बाईने भाकरी भाजावी, दगड भाजू नये, असं पाद्र्यापासून पखालवाल्यापर्यंत सगळे सांगून गेले. आई ऐकून घ्यायची आणि भट्टीत लाकूड सारायची. टेकडीवरचा पांढरा दगड ती स्वतः निवडायची. भाजून निघालेली कळी, म्हणजे चुन्याचे खडे, खड्ड्यात पाणी घालून फोडायची, वर माती लोटायची, आणि सबंध हिवाळा त्या खड्ड्याला हात लावू द्यायची नाही. "चुना आणि कोबी, दोन्ही मुरल्याशिवाय चाखू नयेत," म्हणायची. आणि खरंच चाखायची. जिभेच्या टोकाला कणभर लावून थुंकायची. तिच्या चुन्याला मोरवा नदीच्या दोन्ही काठांवर नाव होतं. ज्या बाईला आरशात बघण्यासारखं काही नव्हतं, तिला तेवढाच एक तोरा होता, आणि तो तिने जपला.

मी तिची थोरली लेक, देसा. नवरा तापाने गेला तेव्हा परत आईकडे आले आणि भट्टीवरच रुळले. माझा धाकटा भाऊ ब्रातुल, त्याची बायको स्तोया. स्तोया पहिलटकरीण होती. पोट दिसायला लागलं होतं आणि आंबट सफरचंदांची नासाडी चालली होती.

त्या साली आमच्या राजाने, देस्पोट म्हणायचे त्याला, नदीच्या वळणावर किल्ला बांधायला काढला होता. तुर्क येणार, तुर्क येणार, अशी हूल होती. तुर्क आले नव्हते, राजाचा मुकादम मात्र येऊन बसला होता. ओब्राद नाव त्याचं. प्रत्येक घरातला एक गडी वेठीला धरलेला. आमच्या घरचा ब्रातुल दगड ओढायला होता. वर घराघरातून अंडी गोळा करायचे, चुन्यात घालायला. पोरं कोंबडीच्या मागे फिरायची, आणि अंडं पडलं की मुकादमाचा माणूस आधी पोचायचा.

एवढं करून नदीकडचा बुरुज टिकेना. एकदा वसंतातल्या पुराने तडकला आणि बसला. पुन्हा उभारला, तर उन्हाळ्यात काहीच कारण नसताना एका अंगाला कलला आणि माणसांसकट खाली आला. तेव्हा मुकादमाने गवंड्यांना ओळीने उभं केलं आणि सांगितलं, "संत दिमित्र्याच्या सणाला बुरुज उभा पाहिजे. तिसऱ्यांदा पडला, तर पहिला फास मुख्य गवंड्याला आणि त्याच परांचीवरून."

मुख्य गवंडी होता रादोन्या. तो आमचा कूम. म्हणजे ब्रातुलच्या बाप्तिस्म्याला त्याला पाण्यावर धरणारा धर्मबाप. आमच्यात कूम सख्ख्या भावापेक्षा मोठा. भावाशी भांडता येतं, कुमाशी भांडलं तर पाप लागतं. आई त्याला "कूम" म्हणायची आणि तो तिला "कुमा".

आता गवंड्यांची एक रीत होती. सगळ्यांना ठाऊक, आणि तोंडाने कोणी काढायचं नाही. भिंत टिकेनाशी झाली की ते जिवंत माणसाची सावली मोजतात. माणूस बांधकामापाशी आला की त्याच्या नकळत जमिनीवरच्या सावलीला सूत लावायचं, ते तोडून बोरूच्या नळीत घालायचं, मेणाने तोंड बंद करायचं आणि भिंतीच्या पायामध्ये चिणून टाकायचं. भिंत उभी राहते. ज्याची सावली, तो माणूस मात्र वर्ष बघत नाही. म्हणून पाया भरायच्या दिवसांत बरे गवंडी परांचीवर एक माणूस ठेवतात. कोणी येताना दिसलं की तो ओरडतो, "सावली सांभाळा!" आणि लोक लांबून वळसा घालून जातात.

एके सकाळी भट्टीच्या तोंडाला भेग गेली. आई चिखल लिंपायला बसली, आणि गवंड्यांची न्याहारी, जी एरवी आई रोज न्यायची, ती त्या दिवशी स्तोयाने उचलली. सकाळचा गारठा होता. आईचा टोपीवाला लांब घोंगडा तिने अंगावर घेतला, खांद्यावर कावड घेतली, आणि गेली.

परत आली ती भिंतीला धरून.

"वन्सं," मला म्हणाली, "कोणी ओरडलं नाही."

"कोण ओरडायचं?"

"परांचीवर माणूस होता. माझ्याकडे बघत होता. ओरडला नाही. सगळे गप्प झाले. मागे एका म्हाताऱ्याने छातीवर क्रूसाची खूण केली." ती खाली बसली. "नदीवर धुणं धुणाऱ्या बाईने बघितलं. चराजवळून चालले ना मी, तेव्हा खालून एक हात आला. सूत होतं हातात."

मी म्हणाले, धुणारीला दिवसाही भुतं दिसतात. पण माझाच आवाज मला खोटा वाटला.

स्तोयाने संध्याकाळी भाकरी दूर सारली. दुसऱ्या दिवशी पाणीही घोटभर. भिंतीकडे तोंड करून पडली, पोटावर हात ठेवून. ब्रातुल पायाशी बसून रडायचा, आणि तो रडला की ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची, जसं काही मरणारा तो आहे. "एका सावलीत दोघं गेलो आम्ही," एवढंच म्हणाली.

गावात बातमी पोचायला काय लागतं! शेजारीण येलाचा उकडलेले गहू घेऊन आली. मयताला करतात ते, मध घातलेले. आई दारात उभी होती.

"हे काय गं?"

"नाही, म्हटलं, तिला गोड खावंसं वाटेल."

"जिवंत माणसाला मयताचे गहू?"

"आता ग्रुबाचा, चिडू नकोस. आणि तिचा तो मागाचा फणा आहे ना, चांगला आहे. तिला पुढे लागणार नसेल तर..."

आईने गव्हाचं भांडं घेतलं, कोंबड्यांपुढे उपडं केलं आणि रिकामं भांडं येलाचाच्या हातात दिलं. "कोंबड्या तुला दुवा देतील," म्हणाली. "फणा विणणारीचा आहे. ती उठली की विणेल."

पण ती उठत नव्हती. तिसऱ्या सकाळी तिचे ओठ पांढरे दिसले, आणि पोटातलं हलतं का विचारलं तर म्हणाली, "कमी." त्या शब्दाने आई उठली. भट्टीपाशी आपल्या धाकट्या भावाला, माझ्या मामाला, बसवलं. स्तोयाला आम्ही दोघींनी काखेत धरून उभी केली, तोच घोंगडा गुंडाळला, आणि निघालो.

"आत्याबाई, तिथे नका नेऊ मला."

"उन्हात नाही नेत. नदीकाठच्या वाळुंजाच्या झाडाखाली बसवते. झाडाच्या सावलीतून तुझी सावली कोण वेगळी काढतो बघू."

रादोन्या परांचीखाली दगडावर बसून कांदा खात होता. आई समोर जाऊन उभी राहिली. मी दोन पावलं मागे, आणि माझ्यामागे नदीकाठी झाडाखाली स्तोया.

"कूम," आई म्हणाली, "कुठे घातलंय?"

"काय?"

"माझ्यासमोर कांदा खातोस तो खा. पण डोळ्यात पाणी कांद्याचं आहे असं सांगू नकोस."

तो उठायला लागला. "कुमा, घरी जा. मला काम आहे."

"ज्या हातांनी माझं पोर पाण्यावर धरलंस त्याच हातांनी त्याची बायको चिणलीस? पोटातल्यासकट? कूम ना रे तू?"

"कुणाची बायको?" रादोन्या म्हणाला. मग त्याने झाडाकडे बघितलं. घोंगडा दिसला, घोंगड्यात स्तोयाचं तोंड दिसलं. त्याच्या हातातला कांदा पडला. "ती होती?"

"मग तुला कोण वाटली?"

त्याची नजर घोंगड्यावरून हलेना. वर परांचीवर थापीचा आवाज थांबला. आईने एकदा घोंगड्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे. मग तिच्या बिनभुवयांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"अच्छा," म्हणाली. "म्हणजे मी."

"कुमा, मोजताना माणसाचं तोंड बघायचं नसतं. तोंड बघितलं तर सूत धरत नाही. आम्ही चरात बसून फक्त सावली बघतो. टोपी होती, कावड होती, न्याहारीची वेळ..."

"आणि म्हातारी विधवा आहे, खोकते, तशीही दोन हिवाळ्यांत जाईल."

"मी आदल्या संध्याकाळपासून जेवलो नव्हतो."

"केवढे उपकार!" आई म्हणाली. "माझी न्याहारी मात्र खाल्लीस ना त्यानंतर? भांडी चाटूनपुसून परत आली होती."

रादोन्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "दोनदा पडला, कुमा. दुसऱ्यांदा माझा पुतण्या खाली होता. तिसऱ्यांदा मी लटकेन, आणि माझ्यामागून ही सगळी माणसं. काय करू मी?"

"काढ ते."

"कसं काढू? वर दोन थर चढलेत. राजाची भिंत आहे. मुकादम विचारेल का उकलतोस, तर काय सांगू? सूत चिणलं सांगितलं तर पाद्री जाळायला निघतील, नाही सांगितलं तर ओब्राद."

 आईने भिंतीच्या सांध्यातून बोट फिरवलं, आपल्याच चुन्यावरून. मला वाटलं ती रडेल. तिने बोट जिभेला लावलं आणि थुंकली.

"सांग की चुना कच्चा होता."

"कुणाचा? तुझा?"

"आणि कुणाचा? माझ्याशिवाय कोण देतं तुला?"

"कुमा, कच्चा चुना दिला तर चाबूक आहे. भट्टीही काढून घेतील."

"मला मरणाला देताना माझ्या पाठीची काळजी कुठे होती?" आई म्हणाली आणि तरातरा मुकादमाच्या मांडवाकडे निघाली.

मी मागे धावले. ओब्राद घोड्याला पाणी दाखवत होता. आई त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली. ती गुडघ्यावर बसलेली मी चर्चमध्येसुद्धा क्वचितच पाहिली होती.

"सरकार, चुकले. नदीकडच्या बुरुजाला परवापासून दिलेला चुना मुरलेला नव्हता. घाई झाली. वरचे थर उकला, नाहीतर पुन्हा बसेल."

ओब्रादने तिच्याकडे नीट बघितलं. तो मूर्ख नव्हता, तीच तर भीती. "इतकी वर्षं तुझ्या चुन्याची तक्रार नाही. आज तू स्वतः येऊन सांगतेस?"

"पडल्यावर सांगितलं तर मान जाईल. आज सांगितलं तर पाठ जाईल. हिशेब केला, सरकार."

"गवंड्याला बोलवा."

रादोन्या आला. ओब्राद म्हणाला, "ही म्हणते चुना कच्चा. तुझा हात रोज चुन्यात. कच्चा आहे?"

रादोन्याने आईकडे बघितलं. तिने मान वर केली नाही. तो "नाही" म्हणाला असता तर ती खोटारडी ठरून सुटली असती, आणि स्तोया गेली असती. "हो" म्हणाला तर त्याच्या कुमाला त्याच्या तोंडाने चाबूक. 

"कच्चा आहे, सरकार," रादोन्या म्हणाला. "बोटाने निघतो."

त्यांनी आईला दगड वर ओढायच्या खांबाला बांधलं, सगळ्यांना दिसेल असं. वेठीचे लोक जमा झाले. अंडी देणाऱ्या बायाही. एकीने आरोळी दिली, "आमच्या पोरांच्या तोंडची अंडी मातीत घातलीस, रांडे!" दुसरी म्हणाली, "भुवयांसारखी अक्कलही जळली हिची!" ब्रातुलने दोर टाकला आणि धावत आला. मी त्याच्या कमरेला मिठी मारली आणि कानात सांगितलं, "तुझ्या बायकोसाठी आहे, गप्प राहा." तो माझ्या हातांत लाकडासारखा ताठ झाला. फटके पडत होते तेव्हा आई ओरडली नाही असं मी म्हणणार नाही. ओरडली. चांगली ओरडली. शिव्याही दिल्या, आणि त्यातल्या बऱ्याच रादोन्याला होत्या.

तिकडे गवंड्यांनी वरचे दगड उकलायला घेतले. आणि दगड निघेनात. पहार घातली, दोघे लोंबकळले, तरी हलेना. आईचा चुना होता तो. अर्धामुर्धा वाळलेला असूनही दगडाला दात रोवून बसला होता. ओब्राद खाली येऊन उभा राहिला. त्याने पहारीकडे बघितलं.

"कच्चा चुना असा धरतो?"



"चुन्याने नाही, सरकार," रादोन्या पहार न सोडता म्हणाला. "अंड्यांनी धरलंय. गावाने अंडी भरपूर दिली. चुन्यात मात्र जीव नाही." आणि निघालेला चुन्याचा तुकडा, खडकासारखा, त्याने पायाखाली घेऊन टाचेने रगडला. सगळं वजन टाकून. शेवटी तो फुटला, आणि त्याने भुकटी ओब्रादला दाखवली.

ओब्रादने भुकटी बघितली, रादोन्याचा घामाने निथळलेला चेहरा बघितला, आणि पाठ फिरवली. त्याला खरंच पटलं, की बुरुज उभा राहण्याशी मतलब होता म्हणून त्याने पटवून घेतलं, ते मला आजही सांगता यायचं नाही.

आईला सोडून आम्ही झाडाखाली आणली. थोड्या वेळाने रादोन्या आला. सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, "घे तुझी भाकरी, चोरटे!" आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा तिच्या मांडीवर फेकला. भाकरीत बोरूची नळी होती.

घरी आल्यावर आईला पालथी झोपवली. तिने मला नळी फोडायला लावली. आत सूत होतं, साधं, गवंड्याचं, टोकाला गाठ. आईने ते स्तोयापुढे धरलं.

"घे तुझी सावली. जाळ, नाहीतर गिळ."

स्तोयाने हात पुढे केला नाही. "आत्याबाई, हे तेच कशावरून? सूत काय, कुठलंही देईल तो."

आईला उठवत नव्हतं, तरी उठली. स्तोयाकडे पाठ केली आणि अंगावरचं फडकं खाली सोडलं. मी तोंड फिरवलं. स्तोया बघत राहिली.

"कुठल्याही सुतासाठी," आई म्हणाली, "एवढं कोण खाईल गं?"

स्तोयाने सूत घेतलं. आमच्यासोबत भट्टीपर्यंत स्वतःच्या पायांनी आली, उन्हातून. तोंडापाशी उभी राहून तिने ते आत टाकलं. त्याची ज्योतसुद्धा दिसली नाही, एवढासा तो जीव. मग ती परत येऊन चुलीपाशी बसली आणि म्हणाली, "वन्सं, काही आहे का?" कोबीचं कालवण होतं. तिने भांडं पुसून खाल्लं आणि मग रडली. त्या संध्याकाळी पोटातल्याने अशी लाथ मारली की ती "आई गं" म्हणाली, आणि आई पालथी पडल्यापडल्या हसली.

बुरुज सणाला उभा राहिला. हिवाळ्यात मुलगा झाला. बाप्तिस्म्याला रीतीप्रमाणे कूमच हवा, म्हणून रादोन्याला बोलावलं. आई त्याच्याशी तोवर बोलत नव्हती. जेवताना मात्र तिला राहवेना.

"त्या जागी मग काय घातलंस? रिकामं तर ठेवलं नसशील."

रादोन्याने भाकरी कुस्करली. "तोंड न बघता मोजायचं असतं, कुमा. मला न दिसणारं तोंड एकच होतं, माझं स्वतःचं."

 आईने त्याचं भांडं ओढून घेतलं, तळातले मांसाचे तुकडे शोधून शोधून त्यात घातले, आणि पुढे सारलं. त्या वर्षी तो शिंकला तरी ती लसूण घालून रस्सा पाठवायची. वर्ष गेलं. रादोन्या जगला, पुढेही बरीच वर्षं जगला, आणि आलुबुखाराच्या झाडावरून पडून गेला. बुरुज अजून उभा आहे. तेव्हा रीत खरी की खोटी, हे मला विचारू नका. मी अजूनही बांधकामाला वळसा घालते.

भट्टी मात्र काढून घेतली ती कायमची. वरच्या गावच्या एका गड्याला दिली. आईला लोक "कच्चा चुना" म्हणायला लागले. बाजारात, चर्चच्या दारात, विहिरीवर. येलाचा तर माझ्यासमोर म्हणायची. ज्यांना खरं ठाऊक होतं ते आम्ही घरातले आणि गवंडी, आणि बोललो असतो तर रादोन्याला फास होता. आई लोकांची वाळू चाळून द्यायची, त्यावर चार घास मिळायचे. एकदा मीच चिडून म्हणाले, मी सांगून टाकते सगळ्यांना. तर म्हणाली, "सांग. मग माझी पाठ परत घेऊन ये त्यांच्याकडून."

पण आठवड्यातून एकदा तरी ती काठी टेकत त्या नव्या गड्याच्या भट्टीवर जायची. काहीतरी निमित्त काढून खड्ड्यापाशी वाकायची, कोणी बघत नाहीसं बघून बोट बुडवायची, जिभेला लावायची, थुंकायची. त्याचा चुना खरोखरच कच्चा असायचा. त्या दिवशी घरी येऊन आई पोटभर जेवायची.